आधी दंडाला पट्टा, मग गोळी

गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी बाईने काय तपासून घ्यावं, यावर सोपं लिहा, मिलिग्रॅम-बिलिग्रॅम नकोत, असं संपादकांनी बजावलं आहे. सोपं लिहिते. मिलिग्रॅमचं मात्र वचन देत नाही.

पहिलं सोपं वाक्य: निरोगी, तंबाखू न खाणाऱ्या, पस्तिशीच्या आतल्या बाईला ही गोळी चालते. ती वांझ करत नाही. बंद केली की पाळी आणि दिवस राहण्याची क्षमता परत येते. गोळ्या पोटात साठून गाठी होत नाहीत, कारण साठण्यासारखं तिच्यात काही नसतं. उलट बीजकोश आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका ती कमी करते. स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा किंचित वाढवते, हेही सांगायला हवं. माझी तक्रार अशी की आमच्या भागातल्या बाया गोळीला भितात ते नको त्या कारणासाठी. जिथं भ्यायला हवं तिथं बिनधास्त असतात.

शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की गेवराई तालुका, म्हणजे बीड जिल्हा. आमच्या दवाखान्यात नदीच्या दोन्ही काठांचे पेशंट येतात. यंदा महालक्ष्म्या उठल्यावर पलीकडचं एक ऊसतोड जोडपं आलं. नवऱ्याने टेबलावर पाळी लांबवायच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप ठेवली. "म्याडम, लक्ष्म्यांसाठी हिनं ह्या खाल्ल्या, काही तरास झाला नाही. आता लेकरू नकोच आम्हाला. मग ह्याच चालू ठेवल्या तर?" बाई छत्तीस वर्षांची, गप्प बसलेली. दंडाला पट्टा बांधला: 152/98. थोडं बसवून दुसऱ्या हाताला मोजलं, तेवढंच. डोकं दुखतं का, विचारलं. "दुखतं की. आधी डोळ्यापुढं नागमोडी चमकतं, मग अर्ध्या घंट्यानं अर्धं डोकं धरतं." अर्धशिशी म्हणून ती कपाळाला बाम चोळत होती.

त्या चमकण्याला आम्ही 'ऑरा' म्हणतो. ऑरा असलेल्या अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो आणि गोळीतलं इस्ट्रोजेन तो आणखी वाढवतं. जागतिक आरोग्य संघटनेने कुणाला कोणतं साधन चालेल याचे एक ते चार असे वर्ग पाडले आहेत. चौथा म्हणजे देऊच नका. ऑरा चौथ्या वर्गात. रक्तदाब वरचा 140 ते 159 किंवा खालचा 90 ते 99 असेल तर तिसरा वर्ग, 160 किंवा 100 ला पोचला की चौथा. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, स्तनाचा कर्करोग असलेली, बाळंत होऊन सहा आठवडे न झालेली अंगावर पाजणारी, यकृत फार बिघडलेली, या सगळ्या चौथ्यातच. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं गोळीचा असर कमी करतात, म्हणजे खाऊनही दिवस राहू शकतात. आणि हे सगळं कळायला लागतं काय? बीपीचं यंत्र आणि पाच मिनिटं प्रश्न. रक्ताच्या चाचण्यांची चळत किंवा सोनोग्राफी नाही, आतून तपासणीदेखील नाही. ती सक्ती करून आमचेच काही लोक बायांना पळवून लावतात.

तंबाखूचा प्रश्न मी वेगळा विचारते. त्या वर्गांच्या तक्त्यात सिगारेट आहे: पस्तिशीपुढे रोज पंधरा किंवा जास्त असतील तर चौथा वर्ग. 'सिगारेट ओढता का' असं विचारलं तर आमच्याकडची बाई तोंडाला पदर लावून हसेल. मिश्री विचारली की हसू थांबतं. मिश्रीने रक्तदाब चढतो. तेवढं मला पुरेसं आहे.

आता माझ्या लाडक्या वादाकडे येते. लक्ष्म्यांसाठी, नवरात्रासाठी, लग्नासाठी पाळी पुढे ढकलायला मेडिकलवरून आणतात ती गोळी नॉरइथिस्टेरॉनची: 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. "ती हार्मोनची नाही, साधी आहे," असं सुशिक्षित बायाही मला ऐकवतात. साधी कशी? ते प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हार्मोनच आहे. शिवाय यकृत त्यातलं थोडं एथिनिल इस्ट्राडायोलमध्ये बदलतं. दिवसाला 10 ते 20 मिलिग्रॅम घेतलं तर अंगात तयार होणारं इस्ट्रोजेन 20 ते 30 मायक्रोग्रॅमच्या गर्भनिरोधक गोळीच्या तोडीचं असतं. सरकारी माला-एनमध्ये नेमकं 30 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे माला-एनला नाक मुरडणारी बाई सणाला तेवढंच इस्ट्रोजेन अंगात घेते, बीपी न मोजता, आणि त्यावर दिवस राहण्यापासून संरक्षणही मिळत नाही, कारण बीज तोवर सुटून गेलेलं असतं. देवाला पाळी चालते की नाही हा माझा प्रांत नाही. माझं मत आहे, पण ते विचारायला कुणी येत नाही.

घाबरवायचं नाही म्हणून आकडे देते. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायांत वर्षाला साधारण दोघींना रक्ताची गुठळी होते. माला-एनसारख्या गोळीवर पाच ते सात जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर याहून कितीतरी जास्त. म्हणून आशाताई घरी गोळ्या पोचवतात त्याच्या मी विरोधात नाही. एका पोटरीला सूज येऊन दुखलं, दम लागला, छातीत कळ आली, अचानक कधी नव्हे तसं डोकं दुखलं, तर गोळी थांबवून तातडीने दवाखाना गाठायचा, एवढं त्यांनी प्रत्येकीला सांगावं.

त्या बाईला कॉपर-टी सर्वांत योग्य होती. "ती छातीत चढती," म्हणून नको. नवऱ्याच्या नसबंदीचं नाव काढलं तर नवरा मोबाइल पाहू लागला. शेवटी 'छाया' दिली: लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत (सीडीआरआय) शोधलेली, इस्ट्रोजेन नसलेली गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. बीपीसाठी फिजिशियनकडे चिठ्ठी दिली. आठ दिवसांनी बोलावलं होतं, आली नाही. कोयत्याला निघायच्या गडबडीत असणार. फडात खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. पाळीचा खाडा नको म्हणून पिशवीच काढून टाकणाऱ्या बाया याच पट्ट्यातल्या. 2019 मध्ये याची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलं की बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. गोळीने कॅन्सर होतो म्हणणाऱ्या घरांतूनच या बाया ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या.

नवरात्राआधी मी गावातल्या मेडिकलवाल्यांना विनंती केली, पाळी लांबवायची गोळी मागायला आलेल्या बाईला आधी बीपी मोजायला पाठवा, मी फी घेणार नाही. एकाने पाठवल्या काही जणी. दुसरा म्हणाला, "म्याडम, मी नाही दिली तर बाई पूल ओलांडून गेवराईला घेती. तिथं कोण विचारतंय?" त्याला काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही.