आधी नकाशा, मग खोली

पूर्व आफ्रिकेची सहल ठरली की सगळे घर हॉटेलांचे फोटो बघत बसते. पलंगावर टॉवेलचे हंस, पोहण्याचा तलाव, मागे सूर्यास्त. फोटो खोटे नसतात, पण मुक्काम नेमका कुठे आहे हे त्यांत दिसत नाही. केनियातले मसाई मारा राखीव क्षेत्र दीड हजार चौरस किलोमीटरचे. पूर्वेकडच्या सेकेनानी फाटकाबाहेर खोली घेतली आणि बघायचे आहे वाइल्डबीस्टचे नदी ओलांडणे, तर मारा नदी गाठायलाच दीड-दोन तास जातात. परतीचे तेवढेच. त्यासाठी नदीजवळ, मुसियारा बाजूला किंवा पलीकडच्या मारा ट्रँगलमध्ये राहावे. तलाव नसला तरी चालेल.

*

माराचे तिकीट 2024 पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून 100 डॉलर, जुलै ते डिसेंबर 200 डॉलर. दिवस मोजायचा तो सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा. नैरोबीहून गाडीने येणारा माणूस दुपारी तीनला फाटकावर पोचतो आणि उत्साहाच्या भरात आत शिरतो. तीन तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे! त्यापेक्षा पहिली रात्र फाटकाबाहेर साध्या कॅम्पमध्ये काढावी, आंघोळ करून झोपावे आणि पहाटे आत जावे. शेवटच्या रात्रीलाही हाच हिशेब लागू.

*

राखीव क्षेत्राला लागून कॉन्झर्व्हन्सी आहेत: ओलारे मोटोरोगी, नाबोइशो, मारा नॉर्थ. जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर, कॅम्पवाले ती भाड्याने घेतात आणि कुटुंबांना दरमहा पैसे देतात. ओलारे मोटोरोगीत सातशे एकरांमागे एक तंबू असा दंडक आहे. त्यामुळे सिंहाभोवती वीस गाड्यांचे कोंडाळे होत नाही. रस्ता सोडून गाडी नेता येते, रात्री फिरता येते, पायीही जाता येते. राखीव क्षेत्रात यांतले काहीच चालत नाही. दर मात्र ऐकून घाम फुटेल असे. मसाईंच्या गुरांना चरण्यावर बंधने येतात, ही तक्रारही खरी आहे. तरीही माझा कौल इकडेच. चार रात्री स्वस्तात काढण्यापेक्षा दोन रात्री इथे.

*

‘तंबू’ म्हटले की आपल्याला शाळेचे शिबिर आठवते. इथल्या तंबूत पलंग असतो, मागे संडास-न्हाणीघर असते, आणि कित्येक ठिकाणी सांगाल त्या वेळी डोक्यावरच्या पखालीत गरम पाणी ओतून जातात. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर असल्याने रात्री गारठा पडतो. चेन ओढून आत शिरावे, पांघरुणात पाय घालावेत, तर तळव्याला काहीतरी ऊबदार, मऊ लागते. दचकू नका, ती गरम पाण्याची रबरी पिशवी. नदीकाठच्या कॅम्पात मध्यरात्री कापडापलीकडे गवत ओढल्याचा आवाज येतो. तो पाणघोडा. कुंपण नसते, म्हणून अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचे नाही. टॉर्च घेतलेला रखवालदार न्यायला येतो. असे कॅम्प लहान मुलांना घेत नाहीत किंवा वयाची अट घालतात. सत्तरीचे आईवडील बरोबर असतील तर जेवणाच्या जागेजवळचा तंबू आधीच मागून ठेवावा.

*

मे महिन्याची सुट्टी ही आपली अडचण. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस, त्याला मसिका म्हणतात. काळ्या मातीत गाड्या रुततात, आणि पुष्कळ कॅम्प एप्रिल-मे सरळ बंद ठेवतात. मेमध्ये मिळणारी घसघशीत सवलत ही मेहेरबानी नव्हे. जायचेच तर पक्क्या बांधकामाचा लॉज घ्यावा, तंबू नको. दिवाळी लवकर आली तर उत्तम: ऑक्टोबरात वाइल्डबीस्टचे कळप बहुधा अजून मारा आणि हद्दीपलीकडे टांझानियातल्या उत्तर सेरेंगेटीत असतात. नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू होतो, तो मात्र चालवून घेण्याजोगा. नाताळात सगळेच महाग.

*

सेरेंगेटी जवळजवळ पंधरा हजार चौरस किलोमीटर. “सेरेंगेटीत राहिलो” म्हणणे म्हणजे “महाराष्ट्रात राहिलो” म्हणण्यासारखे. फेब्रुवारीत वाइल्डबीस्टची वासरे जन्मतात ती दक्षिणेला, न्दुटूच्या आसपास. जुलै ते ऑक्टोबर नदीचा खेळ उत्तरेला, कोगातेंदेकडे. मधले सेरोनेरा बारमाही. बिबट्यासाठी चांगले, गर्दीसाठीही. काही कॅम्प फिरते असतात, म्हणजे नाव तेच पण तंबू कळपामागे हलतात. गेल्या वर्षी कुणी ज्या कॅम्पची तारीफ केली, तो तुमच्या तारखांना दोनशे किलोमीटर दूर असू शकतो.

आणि मारा-सेरेंगेटी हे नकाशावर एकच रान दिसते, पण मधली हद्द पर्यटकाला तिथून ओलांडता येत नाही. पार पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा. एका सहलीत एकच देश निवडावा, विमानभाडे वाचते.

*

टांझानियातलेच न्गोरोंगोरो विवर: काठावर राहिलात तर पहाटे सर्वांत आधी विवरात उतरता येते, पण काठ सव्वादोन हजार मीटरच्या पुढे. धुके आणि कुडकुडणे. करातू गावात राहिलात तर ऊब, कॉफीचे मळे, बरेच कमी पैसे. विवरात उतरण्याचे गाडीमागे जवळपास 300 डॉलर वेगळे पडतात, त्यामुळे माणसे चार-पाच असली की बरे. मी करातू घेईन.

*

बजेट आटोपशीर असेल तर केनियातलीच जोडी, त्सावोचे रान आणि समुद्रकाठचे डियानी. या जोडीचे नाव आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या तोंडी क्वचितच येते. नैरोबीहून मोंबासाला 2017 पासून नवी रेल्वे धावते, ती त्सावोतूनच जाते. वोई स्टेशनला उतरलात की त्सावो ईस्टचे फाटक हाकेच्या अंतरावर. लाल मातीत लोळून हत्ती विटकरी झालेले. पाणवठ्यासमोर बांधलेला लॉज घ्यावा. कोरड्या दिवसांत ओसरीत बसून चहा पिता पिता जनावरे दिसतात, गाडीचे पेट्रोल वाचते. जुना लोहमार्ग घातला तो हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी, आणि त्सावोच्या पुलावर 1898 साली नरभक्षक सिंहांनी पकडले तेही त्यांतलेच कितीतरी. खिडकीतून बघताना हे आठवते.

तिथून डियानीचा किनारा. पांढरी वाळू, आणि झाडांवर काळी-पांढरी कोलोबस माकडे. त्यांना रस्ता ओलांडायला वर दोरांचे पूल बांधले आहेत. कोलोबस सज्जन. बाकीच्या माकडांना बाल्कनीत केळे दिसता कामा नये.

*

टांझानियाच्या झांझिबार बेटावर खोलीआधी भरती-ओहोटी बघावी. पाण्याच्या पातळीत चार मीटरपर्यंत फरक पडतो, आणि पूर्व किनारा उथळ. पाजे, जांबियानी, माटेम्वे इथे ओहोटीला समुद्र प्रवाळाच्या कड्यापर्यंत मागे जातो आणि फोटोतल्या निळ्या पाण्याच्या जागी ओली वाळू उरते. फसवले म्हणून ओरडू नका, चालत जा. वाळूत खुंट्यांच्या रांगा, खुंट्यांना ताणलेले दोर, दोराला गाठी मारून बांधलेले समुद्री शेवाळ. गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका तयार पीक तोडून पोत्यांत भरतात. ती शेती आहे, तुडवू नये. पायांत रबरी चपला हव्यात, कारण खडकांत सागरी साळू असतात आणि त्यांचे काटे तळव्यात मोडतात.

दिवसभर पोहायचेच असेल तर उत्तरेला नुंग्वी किंवा केंद्वा, तिथे पाणी फारसे पळत नाही. गर्दी आणि गाणी मात्र सहन करावी लागतात. पूर्वेलाच जायचे असेल तर कालनिर्णय काढा: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे समुद्र सर्वांत दूर जाणार. अष्टमीच्या आसपास फरक कमी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण तोही बुकिंग करताना विसरतो.

जून ते सप्टेंबर दक्षिणेचा कुसी वारा. पाजेत पतंग लावून पाण्यावर घसरणाऱ्यांची चंगळ, बाकीच्यांच्या पुस्तकात वाळू.

*

झांझिबारच्या जुन्या स्टोन टाउनमध्ये एक रात्र, जास्त नको. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी दारापर्यंत येत नाही. बॅग ओढत जावे लागते. पहाटेची अजान उशाशी ऐकू येते. पितळी खिळ्यांच्या दारांवर गुजराती कारागिरांची छाप आहे. इथेच 1946 साली फारुख बुलसारा जन्मला, पाचगणीच्या बोर्डिंगात शिकला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला.

*

किरकोळ. रानातल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या छोट्या विमानांत सामान बहुधा 15 किलो, तेही मऊ बॅगेत. कडक सुटकेस नैरोबीत ठेवून जावी. झांझिबारला ऑक्टोबर 2024 पासून 44 डॉलरचा तिथलाच विमा सक्तीचा, तुमचा असला तरी. केनियाहून परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला आपल्याच विमानतळावर मागतात. फराळ न्यावा, पण प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत नको. दोन्ही देशांत बंदी आहे. तंबूत तर खाऊ ठेवूच नये. शाकाहाराचे आठवडाभर आधी लिहून कळवावे, कारण रानातल्या स्वयंपाकघरापासून बाजार लांब. चपाती तिकडे रोजचीच आहे. एकादशीला भाजलेला कसावा खावा. आपला साबुदाणा त्याच कंदाचा.

*

सफारी आधी, समुद्र नंतर. पहाटे पाचला उठणे आणि गाडीतले हिसके किनाऱ्यावर विरतात. उलटे केले तर सुस्तावलेले अंग रानात कुरकुरते. आठ रात्री असतील तर मुक्काम दोन, फार तर तीन. रोज बॅग भरायला लावणारा कार्यक्रम कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

अनामत रक्कम भरण्याआधी कॅम्पला ईमेलने एवढे विचारा: या तारखांना तुमचे तंबू नेमके कुठे असतील, तिथून सर्वांत जवळचे फाटक किंवा धावपट्टी किती मिनिटांवर, आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलला, ओहोटीला पोहता येते का. उत्तर गुळमुळीत आले तर दुसरीकडे बघा.