मोहोर आणि मालकी

चित्रपटाचा पहिला प्रसंग पडद्यावर येण्यापूर्वी निर्मात्या संस्थेची जी मोहोर क्षणभर उमटते, तिच्याकडे पाहण्याची सवय मला वडिलांनी लावली. त्यांचे तारुण्य प्रभात फिल्म कंपनीच्या भरभराटीच्या काळात गेले होते, आणि नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी सिनेमाचा विषय निघाला म्हणजे कथेच्या आधी ते प्रभातच्या मोहोरेवरील तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे वर्णन करीत. कारण ती दिसली की पुढे येणारे चित्र निर्मळ आणि मन ओतून घडविलेले असणार, अशी जणू लेखी हमीच मिळे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या त्या कंपनीचे मालक बहुतांशी स्वतःच कारागीर होते: शांताराम दिग्दर्शन करीत, फत्तेलाल कलेची बाजू पाहत, दामले ध्वनीची, धायबर छायालेखनाची, भांडवलाचा भार सीतारामपंत कुलकर्णी यांच्याकडे. त्यामुळेच 'संत ज्ञानेश्वर' मध्ये निर्जीव भिंत चालू लागली, तेव्हा वडिलांना ती यंत्राची करामत वाटली नाही. अलौकिकावर विश्वास ठेवण्याची त्यांची तयारी त्या मोहोरेने आधीच करून घेतली होती.

माझ्या पिढीचा अतिमानव म्हणजे चित्रकथांतला वेताळ. १९६४ पासून टाइम्स ऑफ इंडियाने चालविलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स' मधून तो आमच्या हाती आला. कवटीच्या गुहेतील पूर्वजांच्या बखरी आणि पित्याकडून पुत्राकडे जाणारा मुखवटा यांनी मन इतके भारून गेले होते, की या एकविसाव्या वारसाची मालकी दूर अमेरिकेतील एका कंपनीच्या दप्तरी नोंदलेली आहे, ही गोष्ट ध्यानीमनीही आली नाही. पुढे सदर भागातील लिबर्टी चित्रपटगृहात १९७८ सालचा 'सुपरमॅन' पाहिला, तेव्हाही वॉर्नरची मोहोर मी केवळ शोभेची मानली. वस्तुतः त्या वीराचे मूळ प्रकाशनगृहच वॉर्नरच्या ताब्यात होते.

मालकी आणि अपेक्षा यांचा संबंध मला खऱ्या अर्थाने उमगला तो उतारवयात, नातवामुळे. २००९ साली डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरांना अतिमानवांच्या चित्रकथा काढणारी मार्व्हल कंपनी विकत घेतली. तथापि मार्व्हलच्या चित्रपटांच्या आरंभी डिस्नेचा सुप्रसिद्ध किल्ला सहसा दिसत नाही. मालक पडद्याआड राहतो, आणि तरीही व्हरायटी चौकातील इटर्निटी मॉलमध्ये शेजारी बसलेल्या पोराला पक्के ठाऊक असते की या घरचे चित्र सहकुटुंब पाहता येईल, मध्येच विनोद येईल, आणि नामावली संपेपर्यंत उठायचे नाही, कारण शेवटी पुढील चित्राची चाहूल दिलेली असेल. त्याच मार्व्हलच्या कागदावर जन्मलेला वुल्व्हरिन, पडद्याचे हक्क फॉक्सकडे असताना, २०१७ च्या 'लोगन' मध्ये वृद्ध, जर्जर होऊन मरण पावला, आणि त्या मरणाने मला पौराणिक शोकाची आठवण झाली. मार्च २०१९ मध्ये फॉक्सचा चित्रपट-व्यवसाय डिस्नेकडे गेला. तेव्हा फॉक्सच्याच पडद्यावरचा मार्व्हलचा दुसरा वीर, उद्धट डेडपूल, आता गुळमुळीत होणार काय, ही चिंता प्रेक्षकांत पसरली. २०२४ च्या चित्रात त्याची जीभ तशीच तिखट राहिलेली दिसली खरी, परंतु त्याच चित्रात वुल्व्हरिन, निराळ्या विश्वातला म्हणून का होईना, पुन्हा उभा केला गेला. ज्या मालकाला पुढील चित्राची सोय पाहायची असते, त्याच्या राज्यात मृत्यूलाही अंतिमता लाभत नाही, आणि हे मला मनापासून खटकते.

नाव मार्व्हलचे आणि सत्ता डिस्नेची, अशी फारकत नागपूरकरांना अपरिचित नाही. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत १९५० सालीच दप्तरातून गेला, पण चित्रपटांच्या व्यापारात आमचा मुलूख अद्याप 'सी. पी. बेरार' याच नावाने मोजला जातो. मात्र मार्व्हलच्याच स्पायडरमॅनच्या चित्रपटांसंबंधीचा सोनी आणि डिस्ने यांचा करार २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोडला, आणि तो पुन्हा जुळेपर्यंतचे काही आठवडे माझा नातू ज्या तळमळीने दोन परक्या कंपन्यांच्या तहनाम्याची वाट पाहत होता, ती तळमळ वीरासाठी होती की मोहोरेसाठी, हे मला ठरविता आले नाही.

तो शेवटच्या दृश्यासाठी थांबतो, तेव्हा मी नावे वाचतो. दृश्यचमत्कार घडविणाऱ्यांची ती शेकडो नावे, त्यांत कितीतरी आपल्याकडची, झरझर वर सरकतात. मालकीत त्यांचा कवडीचाही वाटा नसतो. एकदा घरी परतताना मी त्याला म्हणालो, "प्रभातमध्ये अशी माणसे स्वतः मालक होती." त्याने तत्काळ विचारले, "मग आजोबा, ती कंपनी बंद का पडली?" तेव्हा १९४२ साली शांताराम कसे बाहेर पडले, परळला वाडिया मूव्हीटोनच्या जागेत त्यांनी राजकमल ही स्वतःची चित्रसंस्था कशी उभी केली, आणि भागीदारांतील दुरावा वाढल्यावर तुतारी तीच असूनही १९५३ च्या सुमारास प्रभातला कुलूप कसे लागले, ते सारे मी त्याला घर येईपर्यंत सांगत राहिलो.