नियम उड्डाण सांभाळतात, तुला तू सांभाळ

चि. सानिका हिस,


गोंदियाला बिर्सीच्या धावपट्टीवर तुझं ट्रेनिंग सुरू झालं, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. 200 तास पुरे करून तू लायसन्स घेशील, मग एका ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग, मग एअरलाइन. विमान कसं उडवायचं ते तुझे इन्स्ट्रक्टर शिकवतीलच. मी लिहिते आहे ते त्या अभ्यासक्रमात फारसं येत नाही. या पेशात कान, झोप आणि घर कसं राखायचं, हे कुणीतरी सुरुवातीलाच सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

आधी आवाजाचं सांगते. तुझ्या ट्रेनिंगच्या विमानात इंजिन आणि प्रॉपेलर अगदी पुढ्यात असतात. अशा छोट्या कॉकपिटमध्ये आवाज 85 डेसिबलच्या पुढे सहज जातो. आठ तासांसाठी 85 ही धोक्याची रेघ मानतात, आणि पुढे प्रत्येक 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन. तेव्हा आत्ता, शिकतानाच, चांगला हेडसेट घे. ताईला खर्च जास्त वाटला तर मला सांग, तो माझ्याकडून.

जेटमध्ये गेल्यावर सगळं शांत होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. इंजिनं मागे असतात हे खरं, पण ताशी 800 किलोमीटरच्या वर गेलं की काचेवरून घासत जाणारी हवाच गर्जत असते. त्यात उपकरणं थंड ठेवणारे पंखे आणि एसीच्या हवेचा झोत. हा आवाज साधारण 75 ते 80 डेसिबलच्या घरात असतो, म्हणून कुणाला त्याची भीती वाटत नाही. पण रेडिओवरचं बोलणं ऐकायचं तर ते या आवाजाच्या वर न्यावं लागतं. व्हॉल्यूम वाढवला की तोही कानातच जातो. शिवाय आपल्या वैमानिकांतले कितीतरी जण शेजारच्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून एक कान उघडा ठेवतात. ही सवय तुला सगळीकडे दिसेल. तू ती लावून घेऊ नकोस. इंटरकॉम वापर, दोन्ही कान झाक.

आवाज आवाजानेच खोडणारे हेडसेट आज सहज मिळतात. अमर बोस यांना ती कल्पना 1978 मध्ये झुरिक ते बोस्टनच्या प्रवासात सुचली. 1986 मध्ये ‘व्हॉयेजर’ विमान कुठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीला फेरी घालून आलं, तेव्हा त्याच्या दोन्ही वैमानिकांचे कान वाचवायला याच हेडसेटचे प्रायोगिक नमुने दिले होते. 1989 पासून ते वैमानिकांसाठी बाजारात आले. मात्र हे तंत्र खोल घरघर खोडतं, कर्कश आवाज नाही. कर्कश आवाज अडवायला कानावर घट्ट बसणारी गादीच लागते, आणि चष्म्याच्या जाड काड्यांमुळे तिथे फट पडली तर संरक्षण घटतं. तू चष्मा लावतेस, म्हणून काड्या पातळ निवड.

सर्वांत दुर्लक्षित वेळ म्हणजे वॉक-अराउंड, उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून करायची तपासणी. शेपटाकडचं छोटं सहायक इंजिन, एपीयू, किंचाळत असतं, शेजारच्या बेवर कुणाचं तरी इंजिन सुरू होत असतं, आणि आपण टॉर्च घेऊन टायर बघत फिरत असतो. खिशात फोमचे इअरप्लग ठेव. ते नुसते खुपसायचे नाहीत. बोटांत वळून वातीसारखे बारीक कर, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढ, आत घाल आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेव. एवढं केलं तरच त्यांचा उपयोग. आणि सर्दीत उडू नकोस. नाकामागून कानाकडे जाणारी नळी बंद असली की विमान खाली येताना कानाच्या पडद्यावर असा दाब येतो की डोळ्यांसमोर अंधारी येते. त्या दिवशी ‘अनफिट’ कळवणं हीच खरी जबाबदारी.

आता मुद्द्याचं. आवाजाने होणारा बहिरेपणा बहुतेकदा 4000 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. दुखत नाही, काही जाणवत नाही. वैद्यकीय तपासणीत बंद खोलीत बसवून हेडफोनमधून बारीक शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. पण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, निकषांत मर्यादा दिल्या आहेत त्या 500, 1000, 2000 आणि 3000 हर्ट्झसाठी. 4000 ची मर्यादाच नाही. कारण सरळ आहे: हवाई वाहतूक नियंत्रकांचं बोलणं समजायला तेवढं पुरतं. म्हणजे ऐकण्याच्या आलेखात, ऑडिओग्राममध्ये, 4000 पाशी खड्डा पडू लागला तरी शिक्का ‘फिट’चाच बसतो. आणि त्या खड्ड्यात आधी जातात ते स, श, फ असे बारीक ध्वनी, लहान मुलांचं बोलणं, पंगतीच्या गलक्यातला शेजारच्याचा शब्द. कॉकपिटमध्ये काही अडत नाही. अडतं ते घरी.

झोपेचंही असंच आहे. आपल्याकडे वर्षाला 1000 तासांहून जास्त उडता येत नाही. सलग साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेणारे आणि पहाटे 6 पर्यंतची वेळ रात्रीत धरणारे नवे नियम 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यासाठी वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, हे विसरू नकोस. तुझ्या वाट्याला येणारा प्रत्येक विश्रांतीचा तास कुणीतरी भांडून मिळवला आहे. पण नियम विश्रांती देतो, झोप देत नाही. पहाटे दोन ते सहा शरीर झोप मागतं, आणि नेमकं अडीचला पिकअप दाराशी असतं. दुपारी झोपायचं तर जाड पडदे, थंड खोली, फोन बंद, आणि चहा-कॉफी आधीच थांबवलेली.

चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, करून मी घरी येते तेव्हा मला टीव्ही नको असतो, गप्पा नको असतात. दिवसभर घरघरीतून शब्द वेचून मेंदू शिणलेला असतो. घरच्यांना हे समजावून सांगितलं नाही तर त्यांना तो राग वाटतो. मी सांगितलं. अर्धा तास मला काही विचारायचं नाही, मग मी तुमची. ते चाललं. नाइट करून मी झोपले की तुझे काका बेल काढून ठेवतात, कुकर लावत नाहीत. माझी मुलं लहानपणापासून कुजबुजत खेळायला शिकली. या पेशाची किंमत आपण एकट्याने भरत नाही, हे तू आत्ताच ध्यानात घे आणि ज्याच्याशी संसार मांडशील त्यालाही मोकळेपणाने सांग.

सणांचं म्हणशील तर गौरी-गणपतीची सुट्टी मुंबई बेसवर सगळ्यांनाच हवी असते आणि मिळते थोड्यांना. दिवाळीचंही तेच. म्हणून आमच्याकडे मी घरी असेन त्या दिवशी भाऊबीज. रोस्टर आलं की ते फ्रिजवर लागतं आणि त्यातला एक मोकळा दिवस घराचा म्हणून आधी राखून ठेवायचा. तो दिवस ओव्हरटाइमला विकायचा नाही. पैसा दिसतो, दिवस गेलेला दिसत नाही.

हे सगळं वाचून घाबरू नकोस. जुलैच्या पावसात मुंबईला 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना ढगांतून दिवे दिसतात, दोघांचं काम एकमेकांत बिनचूक मिसळतं आणि मागे बसलेली माणसं सुखरूप घरी जातात. हे समाधान मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं नसतं. हा पेशा उत्तम आहे. पण त्याचे नियम उड्डाण सांभाळण्यासाठी केलेले आहेत, आणि ते तसेच असायला हवेत. तुझं ऐकणं, तुझी झोप, तुझं घर हे तुझं तुलाच सांभाळावं लागेल.

तेव्हा पहिलं काम असं कर. मेडिकलच्या वेळी काढलेल्या ऑडिओग्रामची प्रत मागून घे आणि फाइलला लाव. पुढचा प्रत्येक आलेख त्याच्याशी ताडून बघ, 4000 ची रेघ आधी. ‘फिट’ लिहिलंय म्हणून पान उलटू नकोस.

तुझी,
मावशी