आमची धावाधाव

पहाटे उठणारा मनुष्य सद्गुणी असतो, असा एक समज आपल्या समाजात फार पूर्वीपासून रूढ आहे. आम्ही गेली तीस वर्षे पहाटे उठत आहोत. परंतु त्यामागे सद्गुण नसून रेल्वेचे वेळापत्रक आहे, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे. भाईंदरच्या माणसाला गाडीचे भय दुहेरी असते. विरारहून भरून आलेल्या गाडीत सकाळी शिरता येत नाही आणि संध्याकाळी विरारला जाणाऱ्या गाडीतून भाईंदरला उतरू दिले जात नाही. म्हणून भाईंदरहून सुटणारी गाडी ही आमच्यासारख्यांची माउली. ती चुकली की आमचा दिवस चुकतो आणि मग घरी, दारी, कचेरीत आमचे कोणाशीही पटत नाही.

चर्चगेटपासून भाईंदर रेल्वेने सुमारे ४३ किलोमीटर. मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. म्हणजे आम्ही नोकरीपायी रोज दोन मॅरेथॉन करतो, फक्त एका पायावर उभे राहून! तरीही या प्रवासाने आम्हांला सुख दिलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. अंधेरी आली की बसलेला गृहस्थ न सांगता उठतो आणि इतका वेळ उभ्या असलेल्याला आपली जागा देतो. हा नियम कोणत्याही फलकावर लिहिलेला नाही. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले की पेढा सगळ्या डब्याला मिळतो. दादरपर्यंत डोळा लागला, तर शेजाऱ्याचा खांदा तक्रार करीत नाही.

आम्ही एका बँकेत निवृत्तिवेतनाच्या खिडकीवर बसतो. तेथील आमची कटकट म्हणजे नोव्हेंबर महिना. या महिन्यात निवृत्तिवेतनधारकांनी आपण हयात असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. न दिल्यास पुढील वेतन थांबते. २०१४च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था सुरू झाली आणि बोटाच्या ठशावर दाखला मिळू लागला. परंतु ज्यांनी जन्मभर भांडी घासली, ओझी उचलली, त्यांच्या बोटांवरील रेषाच झिजून गेलेल्या असतात. यंत्र ठसा नाकारते, रांग कुरकुरते आणि समोर जिवंत उभ्या असलेल्या म्हातारीला आम्ही सांगतो, “आजी, उद्या या.” दिवसातून वीसदा हे वाक्य उच्चारताना आमचा आवाज चढतो, हेही कबूल केले पाहिजे.

रक्तातील साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी आम्हांला चालावयास सांगितले. चालता चालता आम्ही कधी धावू लागलो, ते आमचे आम्हांलाच कळले नाही. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा अशा गावांवरून उत्तनकडे जाणारा रस्ता हा आमचा आखाडा झाला. पहाटे मिठागरांच्या पाण्यावर आभाळ उतरलेले असते, बांधावर बगळे ध्यान लावून बसलेले असतात आणि उत्तनच्या बाजूने वारा आला, तर सुक्या बोंबलांचा ओळखीचा वास येतो. कटकटीही काही कमी नाहीत. मुर्ध्याच्या वळणावरील कुत्र्यांना आमच्या निळ्या चड्डीचा विशेष राग आहे. पावसाळ्यात बुटांत पाणी शिरते, ते मिस्सेला बसलो तरी चपचपत राहते. “या वयात कोण मागे लागले आहे तुमच्या?” असे आमच्या सौ. विचारतात. परंतु पहिले तीन किलोमीटर संपून श्वासाची लय बसते, तेव्हाचे सुख आम्हांला शब्दांत सांगता येत नाही.

आमचे तिसरे काम रविवारचे. आम्ही धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे जुने सभासद आहोत. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिसमध्ये आपल्या मित्रांसह ही संस्था स्थापन केली. गरिबांच्या घरी कसे जावे, हे त्या तरुणांना सिस्टर रोझाली रांद्यू यांनी शिकविले. ओझानाम यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी धन्य म्हणून घोषित केले. शिधा, औषधे, शाळेची फी हे सारे संस्था देतेच. परंतु तिचा प्राण गृहभेटीत आहे. दोघांनी मिळून एखाद्या घरी जायचे, बसायचे, ऐकायचे. सभेचे इतिवृत्त, जमाखर्च, हिशेबातील अकरा रुपयांच्या तफावतीवर तासभर चाललेली चर्चा या सगळ्याचा आम्हांला कंटाळा येतो. गृहभेटीचा मात्र कधी आला नव्हता.

आमच्या वाट्याला मुर्ध्याच्या अलीकडील एका चाळीतील मावशी होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. यजमान रेल्वेत गँगमन होते, ते जाऊन बरीच वर्षे झाली. मावशींनी स्वतः तरुणपणी मिठागरावर टोपल्या वाहिल्या. मूलबाळ नाही. कुटुंब निवृत्तिवेतनावर त्यांचे भागते. शिध्यापेक्षा त्यांना आमच्या येण्याचेच अप्रूप असे.

२०२२ साली, करोनामुळे दोन वर्षे बंद राहिलेली मुंबई मॅरेथॉन पुन्हा होणार, अशी बातमी आली आणि आम्ही अर्धमॅरेथॉनला नाव घातले. २१ किलोमीटर! सरावाची लांब धाव रविवारीच जमणार. सोबत्याला म्हटले, “एवढे दोन-तीन महिने सांभाळून घ्या.” त्यांचा गुडघा दुखरा आणि एकट्याने जाण्याची रीत नाही. “पुढच्या रविवारी पाहू,” असे म्हणता म्हणता ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. नाताळची भेटपिशवी तरुण मंडळींनी पोचविली, त्यामुळे मनाला टोचणीही लागली नाही. गंमत अशी की, त्या साऱ्या रविवारी आम्ही मावशींच्या गल्लीवरूनच धावत होतो. आत वळलो असतो, तर मनगटावरील घड्याळ थांबवावे लागले असते.

शर्यतीला आठवडा उरला असता, ८ जानेवारीला, धाव थोडी होती म्हणून आम्ही सोबत्याला घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी चहाचे आधण ठेवले आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “दर रविवारी ठेवत होते. तुम्ही पळत जाताना दिसायचा ओट्यावरून. दोनदा हाक मारली. पण तुमच्या कानात त्या वाती होत्या ना!”

आम्ही हसण्याचा प्रयत्न केला.

“काही काम होते का, मावशी?”

त्यांनी उशीखालून पासबुक काढून आमच्या हातात दिले. डिसेंबरचे वेतन जमा नव्हते. नोव्हेंबरात त्या दोनदा बँकेत गेल्या होत्या. अंगठा उमटला नाही. खिडकीवरील माणसाने सांगितले, “आजी, उद्या या.” रिक्षाचे पैसे पुन्हा कुठून आणायचे, म्हणून त्यांनी आमची वाट पाहिली, आम्ही बँकेतले ना! गेले आठ दिवस त्या रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होत्या.

ती खिडकी आमची नव्हती, ती बँकही आमची नव्हती. परंतु ते वाक्य आमचेच होते. प्रिय वाचकहो, त्या क्षणी आमची अवस्था काय झाली असेल, ते आपण जाणालच. आम्ही रागावयाचे कोणावर?

उपाय आमच्या खिशातच होता. २०२१च्या नोव्हेंबरपासून हा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो. आम्ही मावशींना ओट्यावर उजेडात बसविले. पडद्यावर सूचना आली, ती वाचून दाखविली, “मावशी, डोळे मिचकावा.” त्या पदर सावरीत म्हणाल्या, “अरे देवा, या वयात डोळे मारायला लावता?” सारी चाळ हसली. तिसऱ्या प्रयत्नाला दाखला निघाला. सारा उद्योग वीस मिनिटांचा. नोव्हेंबरात एका रविवारी तेवढा वेळ थांबलो असतो, तर कोणालाच काही सोसावे लागले नसते. औषधांची सोय सोसायटीने त्याच दिवशी केली आणि महिनाअखेरीस थकलेली रक्कम चालू वेतनासह जमा झाली.

१५ जानेवारीला आम्ही धावलो. पेडर रोडच्या चढावर पाय बोलेनासे झाले, तेव्हा एका शाळकरी मुलीने मिठाची चिमूट लावलेली संत्र्याची फोड आमच्या हातावर ठेवली. ती पहाटेपासून तेथे उभी असावी; तिला कोणी पदक देणार नव्हते. त्या फोडीची चव अजून जिभेवर आहे. आम्ही किती वेळात पोचलो, हे विचारू नका. आमच्या सौ. तेवढ्या वेळात वसईला जाऊन, माहेरी जेवून परत आल्या असत्या.

आजही आम्ही रविवारी त्याच रस्त्याने धावतो. कानात वाती घालत नाही. गल्लीच्या तोंडाशी घड्याळ थांबवितो. सोबती रिक्षाने येऊन तेथे उभे असतात. घामेजलेल्या अंगाने आम्ही ओट्यावर बसतो आणि मावशी आमच्या चहात साखर घालत नाहीत, हे डॉक्टरांनी ऐकले तर त्यांना आनंद होईल.

बँकेत मात्र नोव्हेंबर अजून येतोच. रांग कुरकुरते, यंत्र अडते, आमचा आवाज चढू पाहतो. मग आम्ही खुर्ची मागे सारून उठतो, समोरच्या आजींना खिडकीपाशी उजेडात बसवितो आणि म्हणतो, “आजी, आजच करू या. जरा डोळे मिचकावा.”