नळीतला पहिला उजेड

इंझोरीच्या घरी आज ट्रंकेत बी.एस्सी.ची प्रयोगवही सापडली. रंगीत एलईडींनी प्लांकचा स्थिरांक काढलेलं पान उघडलं आणि तिथेच बसून राहिलो.

अंधारी खोली. एलईडीवर काळ्या कागदाची नळी, तिला डोळा लावायचा आणि नॉब अगदी सावकाश फिरवायचा. लाल दिवा पावणेदोन व्होल्टच्या आसपास उजळायचा, मग पिवळा. निळ्यासाठी अडीचपर्यंत जावं लागे. निळ्याची वारंवारता जास्त, म्हणून त्याच्या प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जाही जास्त. व्होल्टेज आणि वारंवारतेच्या आलेखाचा चढ इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणला की स्थिरांक हाती येतो. माझं उत्तर ५.९ आलं होतं, खरं ६.६२६, दोन्हींपुढे दहाचा उणे चौतिसावा घात. पहिला उजेड नेमका कधी दिसला, हे डोळ्यानेच ठरवायचं, चूक तिथेच शिरते. तरीही इतकी सूक्ष्म गोष्ट दोन-तीन रुपयांच्या दिव्यात सापडते, याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही.

२० मे २०१९पासून किलोग्रॅमची व्याख्याही याच स्थिरांकावर उभी आहे. पॅरिसजवळ जपलेला धातूचा ठोकळा आता प्रमाण नाही. परवा सोयाबीनचं पोतं काट्यावर चढलं, तेव्हा आकड्याकडे बघताना मला ती काळी नळी आठवली होती.