सतरा नंबरची कॅसेट

आमच्या लोखंडी कपाटात लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे, किराणा दुकानदार उधारीला ठेवतात तसली. वर बाबांच्या अक्षरात शाईनं लिहिलंय : 'कॅसेटी – दिल्या, आणल्या'. आत चार रकाने. तारीख, सिनेमा, कोणाकडे, परत. 'कोणाकडे'च्या रकान्यात नावं फार कमी. 'बूढापारा काकू', 'तात्यापारा, मारुतीच्या देवळामागचे', 'चौबे कॉलनी मामा', 'भिलाई सेक्टर' अशाच नोंदी. परत आलेल्या कॅसेटीवर तिरकी रेघ. बाबा बँकेत नोकरीला होते आणि बँकेची शिस्त त्यांनी घरातल्या सिनेमांनाही लावली होती.

रायपुरातल्या आमच्या पिढीच्या मराठी मुलांना ही वही ओळखीची वाटेल. कुणाकडे ती डायरीच्या मागच्या पानांवर होती, कुणाकडे कॅलेंडरच्या पाठीवर, पण होती बहुतेक घरी.

त्याचं कारण सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला ते पटकन लक्षात येत नाही. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणूस आहे. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा इथल्या जुन्या घरांत देवघरापुढे मराठी आरत्या म्हटल्या जातात, महाराष्ट्र मंडळात गणपतीला नाटक बसतं. पण मराठी सिनेमा? बाबूलाल टॉकीजला, श्याम टॉकीजला हिंदी सिनेमे लागायचे. आपल्या भाषेतला सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायचा तर नागपूर गाठायचं, म्हणजे रेल्वेनं सुमारे ३०० किलोमीटर. दूरदर्शन आमच्याकडे तसं लवकर पोचलं होतं. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा जो 'साइट' प्रयोग देशातल्या २४०० गावांत झाला, त्यात आमच्या रायपूरकडची गावंही होती. पण ते दूरदर्शन हिंदीतलं. मुंबई दूरदर्शनवरचा 'गजरा' आणि 'चिमणराव' आम्हाला फक्त मे महिन्यात पाहुण्यांच्या बोलण्यातून कळले. राष्ट्रीय प्रसारणावर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारविजेते चित्रपट लागायचे. कधी बंगाली, कधी मल्याळी, आणि कित्येक महिन्यांनी एखादा मराठी. त्या रविवारी आई सकाळीच पोळ्या लाटून ठेवायची.

१९८२ च्या एशियाडच्या सुमारास देशात रंगीत टीव्ही आले, त्यांच्या मागोमाग व्हीसीआर आले, आणि रायपूरचा मराठी माणूस सिनेमाच्या बाबतीत पहिल्यांदा नागपूरच्या बंधनातून सुटला.

आमच्याकडे कॅसेटी यायच्या त्या आझाद हिंद एक्स्प्रेसनं. पुण्याहून हावड्याला जाणारी ही गाडी रायपूरवरून जाते. पुण्याची आत्या कुणा तरी ओळखीच्या प्रवाशाकडे पिशवी द्यायची आणि बाबा डब्याचा नंबर लिहिलेलं अंतर्देशीय खिशात घालून स्टेशनवर जायचे. पिशवीत भाकरवडी, मेतकूट, दिवाळी अंक आणि टॉवेलात गुंडाळलेली काळी कॅसेट. एकदा पावसाळ्यात गाडी सहा तास उशिरा आली. बाबा फलाटावरच बसून राहिले. त्या खेपेला 'अशी ही बनवाबनवी' आला होता. नंतर तो आमच्याकडे इतक्यांदा लागला की त्यातला एक तुकडा घासून पांढरा पडला, आणि तेवढ्या तुकड्यातले संवाद आम्ही भावंडंच मोठ्यानं म्हणायचो.

व्हीसीआर आमचा नव्हता. तो दुकानातून एका रात्रीसाठी भाड्यानं यायचा, सायकलरिक्षात, गादीच्या खोळीत गुंडाळून. रिक्षावाल्याच्या शेजारी भाऊ यंत्राला मांडीवर धरून बसायचा. दुकानाचा पोरगा तारा जोडून द्यायचा आणि जाताना बजावायचा, 'हेड गंदा हुआ तो स्पिरिट लगाना, पानी नहीं.' एका रात्रीत तीन सिनेमे उरकायचे, कारण सकाळी नऊला यंत्र परत. पहिला हिंदी, शेजारपाजाऱ्यांसाठी. दुसरा मराठी. तिसऱ्याला आम्ही मुलं झोपलेली असायचो.

अंगणात सतरंज्या टाकल्या जायच्या. टीव्ही खिडकीत, तोंड बाहेर. उन्हाळ्यात कूलर ओढून दारात आणायचा आणि त्याच्या आवाजावर मात करायला टीव्हीचा आवाज वाढवायचा, म्हणजे अख्ख्या पाऱ्याला कळायचं की आज इकडे सिनेमा आहे. शेजारच्या छत्तीसगढी दाई मुर्रा आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन यायच्या. मराठी सिनेमा लागला की त्या उठून जातील असं आम्हाला वाटायचं, पण त्या बसायच्या. 'माहेरची साडी'ला तर आमच्या आईपेक्षा त्याच जास्त रडल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, सासर मात्र कळत होतं. पडद्याच्या खालून साबणाच्या, साड्यांच्या, अगरबत्तीच्या जाहिरातींची पट्टी सरकत जायची, आणि नायिका मरत असताना अगरबत्तीचा पत्ता वाचायची आम्हाला सवय झाली होती.

आणि लाइन जायची. कॅसेट यंत्राच्या पोटात, यंत्र बंद, बाहेर काळोख. मग गोष्ट पुढे कशी असेल यावर अंगणात चर्चा. आजीला बहुतेक सिनेमे आधीच माहीत असायचे, कारण तिनं मूळ कादंबरी वाचलेली असायची.

त्या रात्रींनी आम्हाला काय दिलं, ते मला फार उशिरा उमगलं. आम्ही घरात मराठी बोलायचो, पण ती रायपूरची मराठी. 'कॅसेट वापस दे', 'तो बगलमधला मुलगा', 'मी थकून गेली'. शाळा हिंदी, गल्ली छत्तीसगढी. आमच्यातल्या निम्म्या मुलांना 'ळ' म्हणता यायचा नाही. कमळाचं कमल व्हायचं. आजी दुरुस्त करायची, आम्ही कंटाळायचो. पण डॉ. लागू आणि निळू फुले 'सामना'त समोरासमोर बसून बोलतात ते ऐकताना कुणी कंटाळलं नाही. अर्थ निम्माशिम्मा कळायचा. कॅसेट मागे घ्यायची, पुन्हा ऐकायचं, बाबांना विचारायचं. मागे घ्यायचं ते बटण आमच्यासाठी शब्दकोशासारखं होतं. मराठी वाक्य चढतं कसं, थांबतं कुठे, आदरानं बोलताना टोचतं कसं, हे पुस्तकाआधी आम्ही तिथे शिकलो.

पुढे घरोघरी स्वतःचे व्हीसीआर आले आणि वहीचं खरं काम सुरू झालं. एका घरी दहा-बारा मराठी कॅसेटी असायच्या, फार तर वीस. प्रत्येकीच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर घराची खूण आणि नंबर. कुठल्याच घरी सगळे सिनेमे नव्हते. पण बूढापारा, तात्यापारा, चौबे कॉलनी, शंकरनगर आणि पलीकडे दुर्ग-भिलाई मिळून आमच्यापाशी बरंच काही होतं. 'सिंहासन' मामांकडे, 'उंबरठा' काकूंकडे, दादा कोंडके फक्त एका घरी, तेही माळ्यावर. 'चौकट राजा' पाहायचा तर भिलाईला निरोप धाडावा लागे. दोन यंत्रं जोडून कॉपी करायचीही पद्धत होती. ते कायद्यात बसत नव्हतं, आणि कॉपीवरून केलेली कॉपी इतकी फिकी व्हायची की माणसं पाण्याखाली बोलल्यासारखी दिसायची. म्हणून मूळ कॅसेटीला मान होता.

कॅसेट द्यायला गेलेला माणूस दारातून परत येत नसे. चहा व्हायचा, कुणाचं लग्न ठरलं ते कळायचं, चकलीची भाजणी बदलून मिळायची. माझ्या मावसबहिणीचं स्थळ 'एक होता विदूषक' परत करायला आलेल्या मुलाचं. आमच्या आधीच्या पिढीला मंडळानं आणि गणपतीनं बांधून ठेवलं, आम्हाला या काळ्या ठोकळ्यांनी. वर्षातून एकदा येणाऱ्या गणपतीपेक्षा दर आठवड्याला परत करायची वस्तू माणसांना जास्त वेळा भेटवते, असं मी अनुभवानं सांगते.

कॅसेटीचे हाल मात्र व्हायचे. रायपूरचा मे तिला वाकवायचा, आणि पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरायची. ती बुरशी यंत्रात गेली की पुढच्या चार घरांच्या कॅसेटी बिघडायच्या. बाबा कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवायचे. त्यानं बुरशी थांबायची नाही, पण सगळ्या सिनेमांना लोकरी स्वेटरचा वास यायचा.

मग व्हीसीडी आल्या. एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं, म्हणजे सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांचा. दुसरी हरवली की नायकाचं प्रेम जमायचं आणि एकदम मुलीचं लग्न निघायचं. ओरखडे टूथपेस्टनं घासायचे, बनियनच्या कापडानं मधून बाहेर पुसायचे. याच काळात, १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं. त्याच्या जेमतेम काही दिवस आधी सतीश जैन यांचा 'मोर छइहां भुइयां' लागला आणि शेजारच्या दाईंना प्रथमच त्यांच्या भाषेसाठी रांगेत उभं राहावं लागलं. त्याआधी मनु नायक यांचा 'कहि देबे संदेस' आला १९६५ ला, 'घर द्वार' १९७१ ला, आणि मग ही एवढी मोठी पोकळी. आता त्यांच्याकडे छत्तीसगढी गाण्यांच्या व्हीसीडी आल्या, आणि वहीत पहिल्यांदाच उलट नोंद झाली : 'दाईंकडून आणली'.

मोझर बेअरनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. घ्या, ठेवा, कुणाला मागायला नको! वहीत मात्र त्यानंतरच्या नोंदी विरळ होत गेल्या. २००९ नंतर एकही नाही.

पुढची गोष्ट सगळ्यांचीच आहे. पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, मग इंटरनेट स्वस्त झालं आणि सिनेमा फोनवर उतरू लागला. भावानं सहा वर्षं जमवलेले शंभर-सव्वाशे मराठी सिनेमे एका हार्डडिस्कमध्ये होते. एका संध्याकाळी ती टकटक वाजू लागली, आणि सकाळी रिकामी होती. कॅसेटीला बुरशी लागली की पाच मिनिटांचा तुकडा जायचा. इथे सगळी घरं एकदम गेली.

नव्या सोयीचं मोल मला कळतं. माझी सून बिलासपूरची, घरात छत्तीसगढी बोलणारी. ती इंग्रजी अक्षरं वाचत 'श्वास' पाहते, मध्येच थांबवून मला शब्द विचारते. चित्र इतकं स्वच्छ की डोळ्यातलं पाणी दिसतं. आमच्या कॅसेटीत ते कधी दिसलंच नव्हतं. ऐंशी ओलांडलेली आई पलंगावरून उठत नाही, तिला पुण्यातलं नाटक हातातल्या फोनवर दिसतं. हे मिळालंय, आणि ते मला परत द्यायचं नाही.

पण परवा आईला 'उंबरठा' पाहायचा होता. मागच्या वर्षी ज्या ठिकाणी पाहिला होता तिथे तो आता नव्हता. हक्काची मुदत संपली की सिनेमा रातोरात उतरतो, पैसे भरलेले असले तरी. जो कायमचा उतरवून घेता येत नाही असा डिजिटल सिनेमा 'विकत घ्या' म्हणून विकताना, हा केवळ परवाना आहे असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं, असा कायदा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०२४ मध्ये केला. मालकीचं सोडा, मला त्याहून जास्त खुपतं ते हे, की जे आपल्याकडे आहे ते शेजारच्या घरी नेऊन देता येत नाही. पासवर्ड द्यायला चहाला कोण येतं?

गेल्या पावसाळ्यात लग्नाची कॅसेट पेनड्राइव्हवर घ्यायची म्हणून कपाट रिकामं केलं. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी, फुनाई, २०१६ मध्येच थांबली, त्यामुळे हे काम करणारे आता थोडेच उरलेत. लग्नाची कॅसेट मिळाली, बावीस मिनिटांपुरती चांगली. तिच्या मागे एक परकी कॅसेट होती. चिकटपट्टीवर हिरव्या शाईत 'भि. १७ – सामना'. आमचे नंबर निळ्या शाईतले. वही काढली. १९९४ च्या पानावर नोंद होती, भिलाईहून आणली, आणि परतचा रकाना कोरा. लोकांची थकबाकी डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या बाबांकडून हे राहून गेलं होतं. बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली.

मी आणि भाऊ रविवारी भिलाईला गेलो. भिलाईचे काका नाहीत आता. काकू सेक्टरमधलं क्वार्टर सोडून मुलाच्या घरी राहतात. आम्ही कॅसेट पुढे केली तेव्हा त्यांनी चष्मा शोधला, चिकटपट्टी वाचली, आणि आधी आम्हालाच ओरडल्या, 'अगं, तुझ्या काकांनी केवढी शोधली ही! शेवटी म्हणाले, माझ्याच हातून कुठेतरी गेली असेल.' त्यांच्याकडे यंत्र नाही. आमच्याकडेही नाही. तरी त्या उठल्या, भिंतीला धरत आतल्या खोलीत गेल्या आणि मला हाक मारली.

दिवाणाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत कॅसेटी उभ्या लावलेल्या होत्या, हिरवे नंबर वर करून. सोळा आणि अठराच्या मध्ये एक घडी केलेला रुमाल खोचलेला होता, शेजारच्या कॅसेटी कलू नयेत म्हणून. काकूंनी तो ओढून काढला.