चाकसीची वाट

आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीमातेचा जन्मदिवस. त्या दिवशी नदीला चुंदडी अर्पण करण्याची सुरतेत रीत आहे. कोकणातून येऊन या शहरात स्थिरावलेले आम्हीही दरवर्षी घाटावर जातो. यंदा घरी पाहुणे होते, म्हणून जाताना त्यांना कतारगाम दरवाज्याजवळची डच दफनभूमी दाखविली. तेथे हेंद्रिक व्हान रीडची भव्य कबर आहे. मलबारातील वनस्पतींवरील ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ त्याने सिद्ध करविला. १६९१ मध्ये सुरतेस येत असता तो वारला. रंगभट, विनायक पंडित व आपुभट या कोचीच्या वैद्यांनी त्या ग्रंथासाठी १६७५ मध्ये लिहून दिलेले प्रमाणपत्र कोंकणी भाषेत, नागरी लिपीत आहे. परमुलखात आपल्या बोलीचा असा धागा सापडला की मन भरून येते.

परतताना मासळीबाजारात शिरलो. चातुर्मास लागण्यास चारच दिवस उरले होते आणि पाहुण्यांस चाकसी, म्हणजे आपला पाला, खाऊ घालावा असा आमचा मानस होता. आम्ही तापीची चाकसी मागताच माछीण हसली. “तापीनी चाकसी हवे क्यां, भाई!” तापीची चाकसी आता कुठली!

चाकसी राहते समुद्रात, पण अंडी घालावयास पावसाळ्यात नदीच्या गोड्या पाण्यात, प्रवाहाविरुद्ध चढून येते. तापीवर काकरापारचा बंधारा १९५४ मध्ये झाला, उकाईचे धरण १९७२ मध्ये, आणि १९९५ मध्ये शहराच्या वेशीवरच सिंगणपूरचा बंधारा उभा राहिला. सासुरवाशिणीने माहेरी यावे आणि दाराला कुलूप दिसावे, तशी त्या माशाची गत झाली.

यावर कोणाला दोष द्यावा? भरतीचे खारे पाणी अडवून गोडे पाणी साठवितो तो हाच बंधारा. या शहराची तहान त्याच पाण्यावर भागते. घाटावर चुंदडी वाहणारे आमचे हात घरी येऊन तेच पाणी नळातून घेतात. तेव्हा गाऱ्हाणे मांडताना आम्हांस आमचीच लाज वाटली.

आणि मग त्या डच कबरीची पुन्हा आठवण झाली. व्हान रीडच्या देशातही हीच अडचण आहे. ऱ्हाईन नदीत चढणारा सामन मासा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाहीसा झाला होता. पुढे १९७० च्या सुमारास हारिंगव्लीट या मुखावर प्रचंड दारे बसली आणि समुद्राची ती वाटही बंद झाली. परंतु २०१८ पासून, नदीला पुरेसे पाणी असेल तेव्हा, भरतीच्या वेळीही ती दारे किंचित उघडी ठेवतात. खारे पाणी आत येणार म्हणून पिण्याचे पाणी घेण्याच्या जागा त्यांनी आधीच आत हलविल्या. एवढे करूनही ऱ्हाईनमध्ये सामनची पिले अजून हाताने सोडावी लागतात. दार उघडताच पाहुणा परत येतो असे नाही. पण बंद दारातून तो येणारच नाही.

आपल्या शेजारी नर्मदेच्या मुखाजवळ भाडभूत येथे बंधाऱ्याची कोनशिला २०१७ मध्ये बसली. तेथील मच्छीमार या माशासाठीच चिंतेत आहेत. बंधारा नको, असे म्हणण्याचा अधिकार नळाचे पाणी पिणाऱ्या आम्हांस नाही. पण मासा त्यातून खरोखर वर चढतो की नाही, हे दर पावसाळ्यात मोजावे आणि न चढल्यास वाट सुधारावी, एवढे मागण्याचा अधिकार खचित आहे.

शतपथ ब्राह्मणातील मनूने ओंजळीत आलेला मासा आधी घागरीत ठेवला, मग खड्ड्यात, आणि शेवटी स्वतः समुद्रात नेऊन सोडला. प्रलयात त्याच माशाने मनूला तारले. रक्षण म्हणजे नुसते न मारणे नव्हे. ज्याला जेवढे पाणी लागते तेवढे त्याला मोकळे करून देणे होय. पुढील सप्तमीला चुंदडी वाहताना तापीमातेपुढे आम्ही हेच मनात धरणार आहोत.